दातातलं पाणी

जिजा कातकरीण दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची, पावसाळ्याआधी सुकापूरजवळच्या वाडीत परतायची. सगळा जन्म असाच गेला. सत्त्याण्णव साली तिचा भाऊ बुधा भट्टीवरून परतलाच नाही. बऱ्याच वर्षांनी खाडीकाठी हाडं सापडली; ती बुधाचीच, असं जिजा म्हणाली.

पनवेलच्या पोलीस चौकीत प्रयोगशाळेतले साहेब आयसोटोप का काय ते समजावू लागले. "लहानपणी प्यायलेल्या पाण्याची खूण दातांत राहते. तुझा भाऊ कुठलं पाणी प्यायचा, बाई?"

जिजाला काही उमजेना. "ल्हानपणापास्नं आईबापासंगं दर साली भट्टी दुसरी, पानी दुसरं. कुठलं सांगू?"

आता साहेबच गोंधळले. "या दातांचंही तेच. एकेक दात वेगळ्या मुलखाचा! असा माणूस कुठला म्हणायचा?"

"कुठलाच नाय ना?" जिजा कडाडली. "मंग तो आमचाच हाय. द्या इकडं!"