ईरम्माच्या सीताफळाच्या बिया

सोलापूरच्या शेळगीत चन्नप्पाच्या किराणा दुकानामागं सीताफळाचं झाड होतं. फळं गल्लीतली पोरं खायची. बिया मात्र चन्नप्पाची बायको ईरम्मा मागून घ्यायची. त्या उन्हात वाळवून ती पाट्यावर बारीक वाटायची आणि करंजाच्या तेलात कालवायची. कुणा पोरीच्या डोक्यात उवा झाल्या की आई तिला सरळ ईरम्माकडं आणून बसवायची. बैलाच्या जखमेत किडे पडले तर याच झाडाचा पाला ती ठेचून द्यायची.

डोक्याला हात लावण्याआधी ती कपाळावर फडकं घट्ट आवळायची आणि कानडीत म्हणायची, "कण्ण मुच्च." म्हणजे डोळे मीट. लहानपणी मोहोळला, माहेरी, हीच पूड तिच्या डोळ्यांत गेली होती. डोळे सुजून बंद झाले, भिंत धरून चालायची वेळ आली. डाव्या डोळ्यानं तिला पुढंही अंधुकच दिसायचं. त्यामुळं पोरगी चुळबुळली तरी ती खेकसायची.

चौऱ्याहत्तर साली शेजारच्या गुरम्माच्या मुलीचं, शरणम्माचं, लग्न दुधनीला ठरलं. घरात पाहुण्यांची पोरं राहायला आली आणि ऐन लग्नाच्या तोंडावर नवरीचं डोकं उवांनी भरलं. गुरम्मा रडकुंडीला आली.

"दुधनीला कळलं तर? लई टापटिपीची माणसं हायत ती."

"मी कशाला सांगतीया?" ईरम्मा म्हणाली आणि तिनं शरणम्माच्या कपाळाला फडकं बांधलं.

त्याच आठवड्यात नवऱ्यामुलाची आई निंगव्वा साड्यांच्या खरेदीला सोलापुरात आली. गुरम्माकडं चहा झाल्यावर ती सुपारी घ्यायला दुकानात आली, तर तिचा हात सारखा पदराखाली डोक्यात जात होता. ईरम्मानं पाहिलं.

"मागं या की. आमचं झाड दाखवते."

निंगव्वा काय ते समजली. निमूट मागं येऊन पाटावर बसली आणि हळूच म्हणाली, "विहीणबाईंना कळू देऊ नका. लई नीटनेटकं घर हाय त्यांचं."

"कण्ण मुच्चरी," ईरम्मा या वेळी आदरानं म्हणाली.

लग्नाच्या पंगतीत दोघी विहिणी तिच्या दोन बाजूंना बसल्या. एक दुसरीच्या स्वच्छतेचं कौतुक करी, मग दुसरी पहिलीच्या. ईरम्मा खाली मान घालून गव्हाची गोड हुग्गी खात राहिली.

पुढच्या दिवाळीनंतर शरणम्मा बाळंतपणाला माहेरी आली. डोकं पुन्हा खाजत होतं. गुरम्मा तिला घेऊन आली तेव्हा ईरम्मानं वाटी उचलून परत फळीवर ठेवली.

"पोटुशीला हे लावत न्हाईत."

"डोक्यालाच तर लावायचंय."

"न्हाई म्हंजे न्हाई. गर्भाला धोका असतो म्हणून सासूनं मला बजावलंय."

गुरम्माला ते लागलं. लेकीला घेऊन ती निघून गेली. ईरम्माला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी दुपारी फणी घेऊन ती स्वतःच त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली. "ये गं," तिनं शरणम्माला हाक मारली. डोळा अंधुक असल्यानं ती केसांत बोटांनीच चाचपायची. मग रोज दुपारी हेच चाललं. गुरम्माचा राग चहाबरोबर कधी उतरला, कुणाला कळलं नाही.

अशाच एका दुपारी सुनेला बघायला निंगव्वा आली. गुरम्मानं घाईघाईनं फणी चटईखाली सारली.

"राहू द्या," निंगव्वा म्हणाली. "आमच्याच घरचं असंल. लग्नाआधी मीबी बसून गेले हिच्याकडं."

गुरम्मा ईरम्माकडं बघतच राहिली. "मला एका शब्दानं बोलली न्हाईस?"

"तुमच्या लेकीचं तरी त्यांना कुटं सांगितलं?"

शरणम्माला इतकं हसू आलं, की तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं.

"हलू नको," निंगव्वा म्हणाली. चटईखालची फणी काढून ती सुनेच्या मागं बसली आणि तिनं केसांचा भांग पाडायला घेतला.