पुढे चालीच्या आठवड्यातला गणपती

जयवंत घाडी दोनच गोष्टींना भीत असे. एक थोरला भाऊ गुणाजी आणि दुसरी पुढे चाल.

गुणाजी मालवणकडे गावी असायचा. त्यामुळे ती भीती वर्षातून एकदा, गणपतीला घरी गेलं की भोगून संपायची. पुढे चालीचं तसं नव्हतं. ती कुठल्या वर्षी येईल याचा नेम नसे. स्पर्धेत संघ विषम आले की चिठ्ठ्या टाकतात. ज्याची चिठ्ठी जोडीशिवाय उरते तो संघ ती फेरी न खेळताच पुढच्या फेरीत जातो. बाकीची कॉलेजं अशा वेळी पेढे वाटत. जयवंत मात्र जिमखान्याच्या पायरीवर कपाळाला हात लावून बसे.

मुलुंडच्या एका कॉलेजात तो जिमखान्याचा शिपाई होता. त्याआधी गिरणीत होता. संप झाला, गिरणी बंद पडली, आणि माणसं जशी मिळेल त्या फांदीला धरतात तसा तो जिमखान्याला धरून राहिला. गिरणीत त्याला घेतलं होतं तेच फुटबॉलमुळे. गिरणीच्या संघाला डावा हाफ हवा होता, एका साहेबाने त्याला एका संध्याकाळी खेळताना पाहिलं आणि सोमवारपासून ये म्हणाला. एवढीच त्याच्या नोकरीची मुलाखत. म्हणून योग्य माणसासमोर एक बरा सामना खेळला की आयुष्य वळतं, असं तो मानायचा. कॉलेजचे क्रीडाप्राध्यापक फार सज्जन होते. संघाचा फोटो काढायच्या दिवशी ते न चुकता येत. बाकीचे दिवस संघ जयवंतकडे असे. पोरं त्याला मामा म्हणत.

पुढे चालीविषयीचं त्याचं मत अनुभवाचं होतं. एका वर्षी पुढे चाल मिळाली, पोरं आठवडाभर निजली, आणि पुढच्या सामन्यात तासभर रवंथ करून बसलेली गुरं उठतात तशी उठली. आधी मागची बाजू वर, तोंड अजून जमिनीकडे. तोवर दोन गोल झाले होते. आणखी एका वर्षी तसंच झालं. तेव्हापासून जयवंत म्हणे, "हरलेला संघ परवडतो रे, बसलेला परवडत नाही."

आणि त्या वर्षी, ऐन भाद्रपदाच्या तोंडावर, चिठ्ठी सुटी राहिली.

"मामा, डायरेक्ट सेमीफायनल! झकास ना?" दादू राणे ओरडत आला. दादू संघाचा फुलबॅक, राहायला भांडुपला, गाव देवगडकडे.

"वाट लागली," जयवंत म्हणाला.

"वाट कसली? आठवडा मोकळा. नेमके गणपती आलेत. आम्ही गावाला जाऊन येतो ना."

"आम्ही म्हणजे कोण?"

दादूने मागे पाहिलं. मागे संघाचे सात जण उभे होते. सगळे कोकणातले. सगळ्यांच्या तोंडात आत्ताच उकडीच्या मोदकाचं सारण आलं होतं.

जयवंतने गोलपोस्टकडे पाहिलं. तिथे शिवदास एकटाच भिंतीवर चेंडू मारून परत झेलत होता. शिवदास गोली. गोवंडीहून यायचा. वडील रतनराव छापखान्यात खिळे जुळवायचे. डोळे अधू झाले आणि ते घरी बसले. शिवदासचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. एका बँकेच्या संघाला गोली हवा होता, आणि बँकेचे साहेब पोरं हेरायला यायचे ते उपांत्य फेरीलाच. त्याआधीच्या धावपळीला ते खेळ समजत नसत. पोरं गावी जाऊन, मोदक खाऊन, गुरांसारखी उठणार. पहिल्या दहा मिनिटांत गोल होणार. साहेब चहा पिऊन निघून जाणार. जयवंतला हे सगळं घडून गेल्यासारखं दिसलं.

"कोणी गावी जायचं नाही," तो म्हणाला.

"मामा, गणपती आहेत!"

"गणपती मी इथे आणतो. माझ्या खोलीवर. सकाळी सराव, संध्याकाळी आरती. मग तर झालं?"

हे त्याच्या तोंडून कसं निघालं ते त्यालाही कळलं नाही. पण पोरांनी ऐकलं होतं, आणि देवाचं नाव घेऊन बोललेलं मागे घेता येत नाही.

भांडुपच्या टेकडीवर त्याची चाळ होती. बायको सुगंधा गावच्या पिशव्या भरत बसली होती. त्याने सांगितलं. तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

"गावी जाऊचा नाय?"

"नाही."

"आणि भावजींका काय सांगतलास?"

"नंतर बघू."

"अवो, घराण्याचो गणपती एक असता. तो गावच्या घरात. दुसरो आणलास तर—"

"पोरांसाठी आणतोय. शिवदासच्या नोकरीचा प्रश्न आहे."

सुगंधाने पिशवीतून नारळ काढून फळीवर मांडले. "शिवदास आरतीक तरी येतलो काय?"

"त्यांच्या घरात देव मानत नाहीत."

"म्हणजे ज्याच्यासाठी देव येतासा, तो भायर बसतलो," ती म्हणाली, आणि पुढचा नारळ मांडला.

किती दिवसांचा, एवढंच ठरायचं होतं. जयवंत म्हणाला, गौरीबरोबर जातील, पाच दिवसांचे. सामना सहाव्या दिवशी. मधली एक रात्र पोरं झोपतील, ताजी उठतील. हिशेब चोख होता. पण गौरी काही ठरावीक तिथीला बांधलेल्या नसतात. त्या नक्षत्र पाहून येतात आणि नक्षत्र पाहून जातात. कधी पाचव्या दिवशी, कधी सहाव्या, कधी त्याही पुढे. गावी हे बघायचं काम गुणाजीचं. जयवंतने जन्मात कधी नक्षत्र पाहिलं नव्हतं. त्याने आजवर फक्त गुणाजी सांगेल तेव्हा मूर्ती उचलली होती.

गणपती आले. खोली एवढीशी, त्यात अकरा पोरं, दोन राखीव, एक मृदंग. सकाळी पोरं मैदानावर मन लावून पळत, कारण संध्याकाळी आरती होती. कोकणातली आरती म्हणजे एकदा सुरू झाली की लवकर थांबत नाही. एक संपली की दुसऱ्याला आठवते, दुसऱ्याची संपली की कोपऱ्यातला कोणीतरी म्हणतो, आमच्या वाडीत यापुढे अजून एक म्हणतात. शिवदास तेवढा वेळ बाहेर, गॅलरीच्या टोकाला. तिथे कोरी भिंत होती. आत टाळ वाजत, बाहेर चेंडू वाजे. ठप्, झेल. ठप्, झेल. तिसऱ्या दिवशी तर मृदंग त्याच्या तालावर वाजू लागला, असं शेजारची प्रेमा सांगते. आरती संपली की सुगंधा त्याला हाक मारी, "शिवदासा, आत ये, जेवान थंड होता." मग तो आत येई, आणि जेवायला मात्र कोणाच्या मागे राहत नसे.

चौथ्या दिवशी गौरी आल्या. सुगंधा शेजारणीकडून पंचांग घेऊन आली आणि दारातच थांबली.

"गौरी परवा जातत."

"उद्या," जयवंत म्हणाला.

"परवा. मूळ नक्षत्र परवा आसा. उद्या पूजन. उद्या सण."

जयवंतने बोटांवर दिवस मोजले; परवाच सामना होता. त्याने गणपतीकडे पाहिलं. गणपती नेहमीसारखे बसले होते.

सण म्हणजे काय, हे घाटावरच्या माणसाला सांगावं लागतं. आमच्याकडे गौर माहेरवाशीण. तिला पूजनाच्या दिवशी तिखटाचं जेवण लागतं. मध्ये पडदा धरून गणपतीला आड करायचं, आणि गौरीपुढे कोंबडीचा रस्सा आणि वडे ठेवायचे. मग घरातल्या सगळ्यांनी पोटाला तडस लागेपर्यंत खायचं. कमी खाल्लं तर गौर रुसते.

"पोरांना सांग, दोनच वडे खा," जयवंत सुगंधाला म्हणाला.

"मी कित्याक सांगू? गौरीसमोर मी कोणाच्या ताटातला उचलूची नाय."

मग तोच पोरांना सांगायला उभा राहिला. तेवढ्यात रश्श्याचा वास आला. आठवडाभर पळून पळून पोरांची भूक वाढली होती, आणि जयवंतचीही. त्याने सांगायला तोंड उघडलं आणि सुगंधाने त्यात वडा घातला. दादूने किती खाल्ले ते मोजायचं त्याच्या आईनेही कधी धाडस केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सांताक्रूझच्या मैदानावर सामना. मैदान पावसाने भिजलेलं, एका बाजूला गुडघाभर चिखल. समोरचा संघ मधल्या फेरीचा सामना खेळून आला होता. कोणाच्या घोट्याला पट्टी, कोणाच्या कपाळाला. ते आले, आणि पळायला लागले. आपली पोरं शिट्टी वाजल्यावर आधी एकमेकांकडे बघू लागली.

बँकेचे साहेब तंबूत खुर्चीवर बसले होते. हातात छत्री, मांडीवर सफरचंदाची फोड. जयवंत त्यांच्या मागे उभा राहिला.

"तुमचे फुलबॅक आजारी आहेत का?" साहेबांनी मागे न बघता विचारलं.

"नाही साहेब. सणाचे आहेत."

दादूच्या बाजूने माणूस गेला की दादू त्याला वाट देई. चेंडू आला की दुसरा फुलबॅक पोटावर हात ठेवून बाजूला होई. समोरच्या पोरांना इतकी मोकळी वाट आयुष्यात मिळाली नव्हती. ते येत, आणि मारत. आणि प्रत्येक वेळी पलीकडे शिवदास असे. उजवीकडे झेप, झेल. चिखलात पडून, झेल. पायात घुसून, झेल. चेंडू जणू गॅलरीतल्या भिंतीवरून परत येत होता. मध्यंतराला त्याचा सदरा कोणत्या रंगाचा होता ते ओळखता येत नव्हतं.

"दादू, अरे पळ ना!" शिवदास ओरडला. "मी एकटाच खेळतोय काय रे?"

"तू खेळ ना यार," दादू धापा टाकत म्हणाला. "तुला जमतंय."

शेवटची शिट्टी वाजायच्या जरा आधी एक चेंडू दादूच्याच गुडघ्याला लागून वाकडा गेला आणि गोल झाला. त्याला कोणीच झेलू शकलं नसतं. एक शून्य. संघ हरला. पुढे चालीनंतर हरायचंच असतं. जयवंत आजही हेच सांगतो.

साहेब उठले. सफरचंद संपलं होतं.

"तुमचा संघ फार वाईट आहे," ते म्हणाले.

"हो साहेब."

"बरा असता तर या पोराला चेंडूच आला नसता. सोमवारी पाठवा त्याला."

 जयवंतने साहेबांची छत्री उघडून दिली. पाऊस पडत नव्हता.

तिथून सगळे तसेच टेम्पोने भांडुपला गेले, आणि चिखलाच्या कपड्यांतच गणपती-गौर घेऊन पवईच्या तलावावर आले. ऊन उतरत होतं. दादू मूर्ती धरून पाण्यात शिरला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याची चाल सरळ पडली. शिवदास काठावर कठड्याला टेकून उभा होता, काखेत चेंडू. सगळे बाहेर आले तेव्हा जयवंतने त्याला साहेबांचं सांगितलं. शिवदासने चेंडू या हातातून त्या हातात घेतला.

"मामा, आपण हरलो ना?"

"हरलो."

"मग?"

"मग काय, सोमवारी सदरा धुऊन जा."

दिवाळीनंतर गुणाजी मुंबईला आला. खोलीत शिरला, रिकाम्या मखराकडे पाहिलं, आणि खाली बसायच्या आधीच म्हणाला, "गणपती आणलास?"

"आणला. एका पोराच्या नोकरीसाठी."

"गावली काय नोकरी?"

"मिळाली. बँकेत."

गुणाजी बसला. सुगंधाने पाणी दिलं. तो ते सावकाश प्यायला.

"मग आता दर वर्षी आणूचो लागतलो. एकदा घरात घेतलेल्या देवाक पुढच्या वर्षी येव नको म्हणूक येना नाय. गावचो माझ्याकडे, हयचो तुझ्याकडे." मग पेला खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे तू आता गणपतीक गावी येवचं नाय."

जयवंतने हे मोजलंच नव्हतं. गुणाजीची भीती वर्षातून एकदा भोगायची असे. तीही आता सुटली होती, आणि ती सुटल्यावर खोलीत फार मोकळं वाटू लागलं. त्याने भावाच्या पायांकडे पाहिलं. चिखलात चालून चालून बोटं पसरलेली, बापाच्या पायांसारखी.

"तू ये की इकडे," तो म्हणाला.

"माझो गणपती कोण बघतलो?" गुणाजी म्हणाला.

तेव्हापासून जयवंतच्या खोलीवर दर वर्षी गणपती येतात, आणि गौर जाईल तेव्हा जातात. पंचांग सुगंधा बघते. पोरं बदलली. पुढे चाल पुन्हा दोनदा आली, संघ दोन्ही वेळा हरला. शिवदास मात्र दर वर्षी येतो, बँकेतून थेट, पॅन्ट-बुशशर्टात. आरती सुरू झाली की तो गॅलरीच्या टोकाला जातो. चेंडू आता त्याच्या हातात नसतो, पण भिंतीवर त्याच उंचीला रंग उडालेला आहे, तिकडे बघत तो उभा राहतो. आत आरती लांबते. शेवटी सुगंधा हाक मारते, "शिवदासा, जेवान थंड होता रे."

जयवंत तोवर हळूच त्याच्या शेजारी येऊन उभा राहिलेला असतो. त्याचं तोंड दक्षिणेकडे, गावाकडे असतं.