फाटकाबाहेरची फुमेझा

दक्षिण आफ्रिकेतल्या म्दांत्साने वस्तीच्या उतारावर नोझुकोचं दोन खोल्यांचं विटांचं घर होतं. नवरा खाणीतल्या धुळीने खोकून खोकून गेला, तेव्हा तिने घरातच पाळणाघर काढलं. परवाना घेतला आणि त्यातलं कलम न् कलम ती देवाचा शब्द असल्यासारखं पाळायची. मुलांच्या खोलीत शेगडी नाही, औषधं कुलपात, नाव दिलेल्या माणसाशिवाय मूल कुणाच्या हाती द्यायचं नाही, आणि मुलं सहाच. गल्ली तिला सिसी म्हणायची, म्हणजे ताईच. माघारी मात्र 'सरकारची सून' म्हणायची.

हिवाळ्याच्या तोंडावर योनेला नावाची शेजारीण आपल्या दीड वर्षाच्या पोराला, लियेमाला, पाठीला बांधून आली. तिला मासळीच्या कारखान्यात काम लागलं होतं.

"सिसी, एकच तर आहे. कोपऱ्यात पडून राहील."

"सहा झालीत बाई. आग लागली तर मला हात दोनच."

"कशाला लागेल आग?"

"ती विचारून येते होय?"

योनेला तोंड फिरवून गेली आणि पोराला वरच्या गल्लीत फुमेझाकडे ठेवू लागली. फुमेझाच्या पत्र्याच्या खोलीत मुलं किती, हे तिचं तिलाही धड ठाऊक नसायचं. बाई वाईट नव्हती. तिला कुणाला नाही म्हणवत नसे, एवढंच.

एके दिवशी फुमेझा नळावर पाणी आणायला गेली. जमिनीवरच रॉकेलच्या शेगडीवर मक्याची लापशी रटरटत होती. मुलांची ढकलाढकली झाली आणि भांडं लियेमाच्या अंगावर आलं. शेजाऱ्यांनी त्याला दवाखान्यात नेलं. बातमी टॅक्सीच्या अड्ड्यावर पोचली, आणि तिथून योनेलाचा भाऊ म्झ्वांडिले माणसं घेऊन निघाला.

नोझुकोची सहाही मुलं जेवून झोपली होती. गलका ऐकून तिने पडदा सारला. फुमेझा अनवाणी पळत येत होती, अर्धं डोकं रक्ताने माखलेलं. मागे दंडुके, चाबूक, आणि एकजण गळ्यात अडकवून पेटवायचा टायर घरंगळवत आणत होता. फुमेझाने फाटकाचे गज धरले.

"सिसी, उघड. जाळतील मला."

किल्ली नोझुकोच्या एप्रनमध्येच होती. हात किल्लीवर गेला आणि थांबला. फाटक उघडलं की जमाव आत. तिने फुमेझाकडे पाठ फिरवली.

मागच्या दाराने तिने मुलं काढली. एक पाठीला, दोन काखेत, बाकीची झग्याला धरून. शेजारच्या मांटोम्बी म्हातारीच्या घरात एकेकाला मोजून ठेवलं. चाबकाचा आवाज इथवर येत होता. प्रत्येक फटक्याला फुमेझाचा आवाज बारीक होत गेला. मग तो यायचाच थांबला.

"आता जाऊ नकोस," मांटोम्बी म्हणाली. "तुझं काम झालं."

नोझुको गेली.

फाटकाशी फुमेझा पालथी पडली होती. दात तुटलेले, बोटं बुटांखाली चिरडलेली. टायर तिच्या खांद्यात अडकवला होता आणि एकजण बाटलीतून पेट्रोल ओतत होता. नोझुकोने फाटक उघडलं आणि तिच्या अंगावर जाऊन पडली.

"ऊठ, सिसी," म्झ्वांडिले म्हणाला. "तुझ्याशी भांडण नाही आमचं."

"असायला पाहिजे. पोर आधी माझ्या दारात आलं होतं. मी परत धाडलं."

त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. हातातली सळई खाली आली, आणि नोझुकोचं कोपर मोडलं. दुसरा घाव बरगडीत बसला. पेट्रोलने डोळ्यांची आग होत होती, पण तिने फुमेझाला सोडलं नाही. वर कुणीतरी काडी ओढली. ती विझली. दुसरी ओढणाऱ्याचा हात म्झ्वांडिलेनेच धरला.

"हिला नाही. माझी थोरली हिच्याच मांडीवर वाढली."

माणसं जरा वेळ घुटमळली, आणि पोलिसांची गाडी दिसताच पांगली.

लियेमा वाचला. हनुवटीपासून छातीपर्यंतची कातडी तेवढी आकसून गेली. फुमेझाचा एक डोळा गेला. तिचा भाऊ तिला गावी घेऊन गेला, ती परत आली नाही. कोर्टात नोझुकोने साक्ष दिली. बाकी गल्लीने काही पाहिलंच नव्हतं. म्झ्वांडिले तुरुंगात गेला.

पाळणाघरांच्या तपासणीची सरकारी बाई आली, तिने फाटकावरचे डाग पाहिले.

"मुलं आधी बाहेर काढलीत, ते नियमाला धरून झालं," ती म्हणाली. "पण परत गेलात?"

"ते तुमच्या नियमात नाही."

"नाही."

बाईने ते लिहून घेतलं नाही.

त्याआधीच, मारहाणीच्या दुसऱ्या सकाळी, फुमेझाकडच्या मुलांच्या आया फाटकाशी उभ्या राहिल्या होत्या. त्यातल्या काही आदल्या दिवशी बघत उभ्या होत्या, हे नोझुकोला माहीत होतं. तिचा स्वतःचा हात प्लास्टरमध्ये, एक डोळा सुजून बंद. तिने कुणालाच आत घेतलं नाही. सगळ्यांना घेऊन ती चर्चवर गेली आणि पाद्र्याकडे सभागृह मागितलं.

"सभागृह प्रार्थनेसाठी आहे," पाद्री म्हणाला.

"मग आम्ही पायरीवर बसतो."

मुलं रडली, मुतली, पायरीवरच जेवली. दुपार कलताना पाद्र्याने किल्ली आणून दिली.

सभागृहाचा परवाना यायला हिवाळा सरला. शेगडीभोवती कठडा घातला, वाढत्या मुलांसाठी आणखी दोन बाया ठेवल्या. त्यातली एक योनेला. ती लियेमाला बरोबर आणते. नोझुकोचा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून पोरं उचलायचं काम योनेलाच करते. दोघी कामापुरतं बोलतात. भावाची भेट घ्यायला योनेला रविवारी तुरुंगात जाते, आणि सोमवारी सकाळी नोझुको तिला काही विचारत नाही.