पाकिटावरची लाल शाई

देवासच्या मास्तरांना मी उभ्या जन्मात कधी भेटलो नाही. तरी ज्याचा मी मनापासून दुस्वास केला, असा माणूस तो एकच. त्यांचं अक्षर तेवढं मी ओळखत होतो. लाल शाईतलं टोकदार मोडी, आणि वरची रेघ पट्टी धरून मारल्यासारखी ताठ. मास्तर देवासच्या शाळेत गणित शिकवत आणि पोरांचे पेपर तपासायची शाई घरी आणून आमची गाणी तपासत.

हे कसं, ते सांगतो. त्या काळात धारमध्ये ग्रामोफोन असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. तबकड्या आणायच्या तर इंदूर गाठावं लागे. ऐकण्याचं वेड असलेले आम्ही पाच जण. धारचे तिघे: मी, एक वकील आणि एक वैद्य. देवासचे दोघे: मास्तर आणि तिथल्या कचेरीतले एक दफ्तरदार. मी स्वतः धार दरबारच्या दफ्तरात कारकून. प्रत्येकाकडे एक आल्बम होता, म्हणजे जाड पुठ्ठ्यांची वही, तिच्यात कागदी पाकिटं आणि पाकिटात एकेक तबकडी. पाळीपाळीने एकेकाचा आल्बम फिरायचा. आपल्या आवडीच्या तबकड्या निवडून त्यात घालायच्या, गोधडीत गुंडाळून लाकडी पेटीत ठेवायच्या आणि कोणी ओळखीचं त्या गावी निघालं की त्याच्याबरोबर रवाना करायच्या. नियम कडक होता. तबकडी ऐकून तिच्या पाकिटावर मत लिहायचं. बाकीच्या चौघांची मतं पडल्याशिवाय आल्बम मालकाकडे परत यायचा नाही, आणि एकाने लिहिलेलं दुसऱ्याने खोडायचं नाही.

ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात ती पाकिटं म्हणजे आखाडा होता.

देवास गाव एकच, पण त्यात राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. दफ्तरदार थोरल्या पातीचे, मास्तर धाकटीचे. दफ्तरदारांनी पाकिटाच्या उजव्या अंगाला लिहिलं की मास्तर डाव्या अंगाला लिहीत, आणि मध्ये दोन बोटं कोरी जागा सोडत. संस्थानची हद्द पाकिटावरूनही जात होती म्हणायची. दफ्तरदारांना आवडलेली तबकडी मास्तरांना आवडायची नाही, हे मी आधीच धरून चालत असे. पण मास्तर स्वतःच्या पातीच्या माणसालाही सोडत नसत. शंभरपैकी गुण देत! पन्नासच्या वर गेलेली तबकडी विरळाच.

एकदा मी सनईची एक तबकडी पाठवली. त्या सनईवर माझा जीव होता. मास्तरांनी लिहिलं, ‘सनई बरी. शिफारस करणाऱ्याचा कान कच्चा. बासष्ट.’ मग त्यांचा आल्बम आला तेव्हा त्यांच्या लाडक्या बीनेच्या तबकडीखाली मी लिहिलं, ‘मास्तरांनी पाढे ऐकावेत.’ हे वाचून वकील माझ्या ओट्यावर उभ्याउभ्या पोट धरून हसले. “भिया, तुमने तो कमाल कर दी! आता तो मास्तर जळून राहील.” वकील नेहमी ओट्यावरच उभे राहत. आमच्या घरात पाणी पीत नसत. का पीत नसत ते सरळच सांगतो, उगाच कोणाला कुजबुजायला नको.

माझी आई धार दरबारची गाणारी. वडील दरबारातले एक सरदार. आई त्यांना सरकार म्हणे, म्हणून मीही सरकारच म्हणायचो. त्यांनी मला शिकवलं, दफ्तरात चिकटवून दिलं आणि मग ते वारले. त्यांच्यामागे दरबारातून बोलावणं येईनासं झालं. आईने तंबोरा खोळीत घातला तो घातलाच. वकिलांना हे सगळं ठाऊक होतं. आमच्या पाण्याला शिवायचं नाही, आणि आमच्याच ओट्यावर उभं राहून तबकडीतल्या बायांना वाहवा करायची, असा त्यांचा सोवळेपणा.

पण एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. सरकार असताना इंदुरात कोणी साहेब तबकड्यांत गाणी भरायला आला होता, तेव्हा आईने भोंग्यासमोर गाऊन एका तबकडीच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. साहेबाने लेबलावर तिचं नाव इतकं वेडंवाकडं छापलं, आणि गाणं संपताना नाव पुकारायची तेव्हा रीत होती, तर त्याचा मुनशी ते इतकं वेडंवाकडं ओरडला, की ते तिचं आहे हे खुद्द तिलाच पटत नसे. त्या भोंग्यातून निघाल्यावर सगळ्या बायांचे आवाज सारखेच चिरके यायचे, हेही होतंच. ती तबकडी मी शाळकरी वयापासून जवळजवळ रोज लावत आलो होतो.

माझा आल्बम पाठवायची पाळी आली तेव्हा आईच म्हणाली, “त्यात माझी घाल. नाव सांगू नको.”

“कशाला?”

“दरबारात लोक सरकारांचं तोंड बघून वाहवा करायचे रे. मला कुणी सच्ची बात सांगितलीच नाही. आता आवाज गेला, लोक विसरले. मरण्याआधी एकदा कळू दे, मी कशी गायची.”

आईला वाचता येत नव्हतं. आल्बम परत आला की पाकिटावरचं सगळं तिला वाचून दाखवायचं, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. मला ते मुळीच आवडलं नाही. तिचं नाव नसलेलं गाणं त्या चार जणांपुढे टाकायचं, आणि त्यातला एक तो लाल शाईवाला! पण तिचा हट्ट मोडवेना. मी तबकडी पाकिटात घातली आणि शिफारस म्हणून एवढंच लिहिलं, ‘या बाईंचं गाणं मला फार प्रिय आहे.’

पहिलं मत वकिलांचं पडलं. ‘बाई नाजूक गातात. बहोत खूब.’ दुसरं वैद्यांचं. ‘श्रवणीय.’ वैद्यांच्या यंत्रातली चावीची कमान तुटून आठवडा झाला होता आणि ते दुरुस्तीला इंदुरास गेलं होतं, हे अख्ख्या गल्लीला माहीत. श्रवणीय म्हणे! पेटी तशीच देवासला गेली आणि महिन्याने परत आली. दफ्तरदारांनी उजव्या अंगाला लिहिलं होतं, ‘आवाज गोड. चिजेची निवड चांगली. घरात मंडळींनाही आवडलं.’ आणि डाव्या अंगाला लाल शाई.

‘पहिली बाजू: तालीम पक्की, स्वर जागच्या जागी. ब्याऐंशी. दुसरी बाजू: अंतरा उचलताना बाईंनी मान वळवली, आवाज भोंग्याबाहेर गेला. तिथून पुढे गाणं नाही, नुसतं उरकणं आहे. बाईंचं लक्ष कोणाकडे गेलं? तीस. शिफारस करणाऱ्याने हे ऐकलं असतं तर लिहिलं असतं. त्याने ऐकलेलं दिसत नाही.’

मी ओट्यावरच बसलो. अंगाचा नुसता भडका उडाला होता. तीस! ज्या बाईच्या गाण्याला धारचे सरदार उठून दाद देत, तिला हा पाढे शिकवणारा माणूस तीस गुण देतो आणि वर मला कान नाही म्हणतो. तो आत्ता समोर उभा असायला हवा होता, असं वाटलं. आईला यातलं अक्षर कळू द्यायचं नाही, असं ठरवून मी घरात गेलो.

आई निवडायला घेतलेले गहू बाजूला सारून बसली. “काय लिखलंय? सगळं वाच. बीच में से मत छोड़ना.”

मी तिघांचं वाचलं. वकिलांच्या वाक्यावर तिने नुसतं हं केलं. वैद्यांचं ऐकून हसली. दफ्तरदारांचं ऐकून म्हणाली, “भला माणूस दिसतो.” मग मी पाकीट तोंडासमोर धरलं आणि मास्तरांचं म्हणून मनाने रचून वाचलं, “दोन्ही बाजू अप्रतिम. दुसऱ्या बाजूच्या अंतऱ्यातली तानांची फिरत तर लाजवाब.”

“दुसऱ्या बाजूच्या?”

“हो.”

“त्या अंतऱ्यात फिरत आहेच कुठे?” आई म्हणाली. तिने हात पुढे केला आणि पाकीट माझ्या हातातून घेतलं. तिला ते वाचता येणार नव्हतं, पण लाल शाई दिसत होती. “झूठ नको बोलू. लाल शाईत कोणी लाजवाब लिहितं का? काय आहे ते वाच.”

मग मी वाचलं. रागाच्या भरात, मास्तरांवरचा सगळा विखार आवाजात आणून वाचलं, म्हणजे तिलाही राग यावा. शेवटची दोन वाक्यं, माझ्यावरची, मी गाळली. वाचून झाल्यावर ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “पुन्हा वाच. मान वळवली, तिथून.”

मी पुन्हा वाचलं.

“साहेबाच्या माणसाने माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं,” ती सांगू लागली. “भोंग्यासमोरून हलू नको म्हणून. सरकार खुर्चीवर बसले होते. पहिली बाजू झाली, ते खूश. दुसऱ्या बाजूचा अंतरा उचलला, अन् ते उठले. खिशातलं घड्याळ पाहिलं, पगडी नीट केली, निघाले. मी त्या माणसाच्या हातातून मान काढून घेतली अन् बघितलं. पाठ दिसली. मग काय गायचं? संपवलं कसंतरी.”

“कुठे गेले होते?”

“ते कुठे सांगायचे! मी विचारलं पण नाही.” पदराने तिने पाकिटावरची धूळ पुसली. “सोळा बरस मी त्या माणसासाठी गायली. त्या दिवशी पक्कं समजलं, तो माझं गाणं कधी ऐकतच नव्हता. हे मी कुणाला बोलली नाही. आणि हा मास्तर, कोण कुठला, देवासला बसून त्याला ऐकू आलं.”

तिने गहू पुन्हा पुढे ओढले. मला वाटलं, झालं. पण तिने माझ्याकडे पाहिलं. तसं पाहणं मी तिच्या डोळ्यांत त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

“तू तर ही तबकडी रोज लावायचास.”

“हो.”

“मग तुला कधी ऐकू नाही आलं?”

मी म्हणालो, “यंत्र जुनं आहे आपलं.” यापेक्षा नेभळट उत्तर माणसाने आईला दिलं नसेल.

तिने ते उत्तर ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ती तबकडी मास्तरांना दे. आल्बमात नको, कायमची दे. आणि माझं नाव लिही. बाई कोण, कुणासाठी गात होती, सगळं लिही. त्यांनी विचारलंय ना, लक्ष कोणाकडे गेलं? त्यांना जवाब गेला पाहिजे.”

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी तबकडी फडक्यात बांधली आणि दफ्तरात नेऊन माझ्या कपाटात तळाशी ठेवली. पाठवली, असं तिला सांगितलं. का नाही पाठवली, याला पुष्कळ कारणं मी स्वतःला दिली. घराण्याची अब्रू, सरकारांचं नाव, वकिलांच्या तोंडी लागायला नको. सगळी खोटी. मला तो माणूस जिंकू द्यायचा नव्हता, एवढंच.

पुढचा आल्बम दफ्तरदारांचा होता. त्यातल्या एका पाकिटावर, भलत्याच गाण्याखाली, लाल शाईत लिहिलेलं होतं, ‘धारकरांस विनंती. मागच्या खेपेच्या त्या बाई पुन्हा पाठवाव्यात. पहिली बाजू मनातून जात नाही. त्या हयात असल्यास माझा नमस्कार कळवावा.’ गुण दिलेले नव्हते.

मी त्या पाकिटावर माझं मत लिहिलं, पेटी बंद केली आणि वैद्यांकडे पोचती केली. घरी आलो तेव्हा आई दारातच होती.

“देवासहून काही आलं?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यानंतर तिने आणखी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी तेच सांगितलं. मग तिने विचारायचं सोडलं. ज्याने एकट्याने तिला ऐकलं, त्यालाही ती कोण हे कळून काही वाटलं नाही, असंच समजून ती पुढच्या उन्हाळ्यात गेली. मास्तरही आता नाहीत. तबकडी माझ्याकडे आहे. दुसरी बाजू मी अजून लावतो, अंतऱ्याशी येऊन कान भोंग्याला लावतो, आणि तिने मान कुठे वळवली ते मला अजूनही ऐकू येत नाही.