सखूमावशींचा डबा

विलायतेत शिकत होते तेव्हा मनात एक चित्र पक्कं होतं. मी परत येणार, देशातल्या प्रयोगशाळा दारं उघडून वाट बघत असणार. प्रत्यक्षात चार महिने नुसते अर्ज पाठवत बसले. शेवटी पिंपरीच्या नव्या पेनिसिलिन कारखान्याचं पत्र आलं: पीएच.डी.च्या संशोधनासाठी एक जागा आहे, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी भेटा. एकच जागा. आता ती मी कशी घालवायला निघाले ते ऐका. हसा, पण शेवटी हसा.

चिखलीत आईच्या ओळखीच्या सखूमावशींकडे उतरले होते. तिथे पितळेच्या डब्यात बाजरीची भाकरी ठेवून तीन आठवडे बुरशी वाढवली. का? तर पेनिसिलिन बुरशीपासूनच होतं ना? मग ती परदेशातून कशाला आणायची? आपल्या भाकरीवरची का नको?

सोमवारी डबा पिशवीत घातला आणि सायकल हाणली.

संशोधन विभागाचे डॉक्टर मला पेनिसिलिनची बुरशी वाढवतात त्या खोलीत घेऊन गेले. आत जाण्याआधी दोघांच्याही अंगात उकळलेला डगला, तोंडाला फडकं, हात औषधाने धुतलेले. एवढ्यावरून कुणालाही समजलं असतं. पण तळमळ माणसाला आंधळं करते.

"सर, माझं काम मी बरोबरच आणलंय," म्हणत मी डबा काढला आणि त्यांच्याकडे बघतच झाकण उचललं.

"काय आहे त्यात?"

"चिखलीची बुरशी. तीन आठवड्यांची."

डॉक्टरांनी कार्बॉलिकच्या जंतुनाशकात भिजलेला टॉवेल झपकन डब्यावर टाकला. "बाहेरची बुरशी? या खोलीत? अहो बाई, तिला बाहेर ठेवण्यात आमचा जन्म चाललाय!"

मदतनीस म्हणाला, "साहेब, डबा वाफेत टाकू?"

"टॉवेलसकट टाका."

"आणि या बाई?"

मला वाफेत टाकलं नाही, एवढंच. कार्बॉलिक साबणाने दोनदा आंघोळ करायला लावली. खोलीला कुलूप लागलं, तिथे काम करणारी चार माणसं हात बांधून बाहेर बसली.

"खोलीत तपासणीच्या बशा उघड्या ठेवल्यात, त्यांत काय उगवतं ते बुधवारी बघू," डॉक्टर म्हणाले. "एक जरी परका ठिपका उगवला, तर पेनिसिलिनचा सगळा घाणा गटारात. आणि मागोमाग तुमचा अर्ज."

संध्याकाळी मावशींनी विचारलं, "त्वांड का उतरलंय गं?"

सगळं सांगितलं.

"बुरशी कुठली? ती हिरवी भाकर म्या पहाटंच कोंबड्यांना टाकली. एवढी शिकल्याली पोर शिळं खातीया, जीव तुटला माझा. तव्यावरची गरम भाकर घातली व्हती. खाल्ली न्हाईस व्हय?"

म्हणजे बशा स्वच्छ निघणार होत्या. गप्प बसले तर जागा कदाचित माझीच. खरं सांगितलं तर? स्वतःच्या डब्यात काय आहे ते न बघता संशोधनाच्या गोष्टी करणारी बाई कोण ठेवून घेईल? पण तोवर ती खोली बंद, आणि ती चार माणसं बाहेर बसून.

सकाळी उठले ती ठरवूनच. बुधवारची वाट बघायची नाही, आत्ताच जाऊन डॉक्टरांना सांगायचं. जागा गेली तर गेली.

सायकल काढली तशी मावशींनी दुसरा डबा हातात दिला. तो मात्र मी दारातच उघडून पाहिला.