पिवळं म्हणजे पाडायचं

इंग्रजांवर राग धरणारे पुष्कळ झाले. कुणी त्यांनी राज्य केलं म्हणून, कुणी लुटलं म्हणून, कुणी नुसतं क्रिकेटपायी. पण तिथल्या कुठल्याशा लॉर्डाने आपल्याच हवेलीला एक खोली चिकटवली म्हणून चाळीस वर्षं दातओठ खाणारा माणूस सबंध पनवेल तालुक्यात एकच, आणि तो नेमका माझा मामेसासरा असावा, याला काय म्हणावं! शेजारच्या शिरढोणात जन्मलेल्या आद्य क्रांतिकारकाने इंग्रजांविरुद्ध बंड केलं ते देशासाठी. आमच्या मामांचं बंड खिडक्यांसाठी. पलीकडे उलव्याला रोज नवा टॉवर उगवतोय, त्याबद्दल यांची तक्रार नाही. राग सगळा सातासमुद्रापलीकडे.

मामा मुंबईत एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होते. ऑफिस आवरताना रद्दीत निघालेलं एक जाड पुस्तक त्यांनी घरी आणलं आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला. त्यात इंग्लंडच्या खेड्यातल्या एका हवेलीचे चार नकाशे होते. घर एकच, पिढ्या चार. पहिल्याने विटांचं, दोन्ही बाजू सारख्या असलेलं देखणं घर बांधलं. मुलाने त्याच्या तोंडावर दगडी खांब लावले. नातवाने खिडक्यांवर कर बसला म्हणून अकरा खिडक्या विटांनी बुजवल्या. आणि पणतूने पूर्वेला एक बुटकी खोली चिकटवली. मामांच्या धंद्यातली रीत अशी, की नकाशात नवं काम लाल रंगाने दाखवायचं, पाडायचं ते पिवळ्याने, आणि जे ठेवायचं त्यावर ‘कायम’ लिहायचं. पूर्वेची ती खोली मामांनी पिवळ्या पेन्सिलीने इतकी गिरवली होती, की कागद फाटायचाच बाकी होता. एकदा आमच्याकडे जेवताना ते एकदम म्हणाले, “त्या नातवाला उलटा टांगायला हवा होता. चांगल्या घराचे डोळे फोडले मेल्याने!” माझ्या आईने वाढता वाढता हात आखडला आणि नंतर मला आत बोलावून विचारलं, “अरे, सूनबाईच्या माहेरी वाटणीवरून काही चाललंय का?”

आमचा नवीन पनवेलचा फ्लॅट बघायला आले तेव्हा त्यांनी दारातूनच विचारलं, “जावईबापू, गॅलरी आत घेतलीत?”

“हो, मुलीच्या अभ्यासाला जागा हवी होती.”

“मग तिला वारा कुठून येणार? पंख्यातून?” असं म्हणून या गृहस्थाने खिशातून पेन्सिल काढली आणि आठ दिवसांपूर्वी रंगवलेल्या भिंतीवर पिवळी फुली मारली. वर दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, तुपाची वाटी पुन्हा मागितली. ती फुली अजून पुसून जात नाही.

विचुंब्याचं आपलं घर मामांनी स्वतः आखलेलं. पूर्वेकडे तोंड, मधोमध दार, दोन्हीकडे दोन-दोन खिडक्या, तसूभर इकडचं तिकडे नाही. आणि ते जमावं म्हणून झोपायची खोली आणि बाथरूम दोन्ही वरच्या मजल्यावर. मामींचे गुडघे गेले तेव्हा त्या जिना बसून, एकेक पायरी घसरत उतरू लागल्या. पुढे उतरायच्याच थांबल्या. ज्या बाईने सगळा जन्म स्वयंपाकघरात राज्य केलं, तिला ताट वर जाऊ लागलं. मी भेटायला गेलो तेव्हा मामी हसत म्हणाल्या, “घर बाहेरून फार सुरेख दिसतं म्हणतात. मला कुठे दिसतंय आता?”

माझं डोकंच फिरलं. खाली येऊन म्हटलं, “मामा, पूर्वेला खालीच एक खोली बांधा, बाथरूमसकट. आजच्या आज आखा.”

“समोरची एक खिडकी जाईल,” ते म्हणाले. “दोन्ही बाजू सारख्या राहणार नाहीत.”

“नका राहू देऊ! घराचे डोळे सांभाळताय आणि बायकोचे पाय गेले त्याचं काही नाही?” पुढ्यातला चहा तसाच टाकून मी निघालो. दोन महिने त्या वाटेला गेलो नाही.

मग त्यांचाच फोन आला. “काम झालंय, बघून जा.”

पूर्वेला खोली उभी होती. वरच्या खिडकीखाली मावावी म्हणून बुटकी केलेली, घराशी कुठूनही मेळ न बसणारी. समोरच्या चार खिडक्यांच्या तीन झाल्या होत्या. आत मामी खाटेवर बसून मेथी निवडत होत्या आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून कुणाला तरी कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगत होत्या.

“वाईट दिसतंय,” मामा माझ्याकडे न बघता म्हणाले.

“दिसू दे,” मामी म्हणाल्या.

टेबलावर ते जाड पुस्तक उघडं होतं. पूर्वेची बुटकी खोली रबराने खोडखोडून पांढरी करायचा प्रयत्न झाला होता, पण चाळीस वर्षांचा पिवळेपणा कागदात राहिलाच होता. मामांनी चष्मा काढून पुसला.

“खोली कधी बांधली ते या लोकांनी लिहिलंय,” ते म्हणाले. “कुणासाठी, ते नाही लिहिलं.”

आणि त्या पिवळट डागावर, आपल्या रेखीव ड्राफ्ट्समनी अक्षरात, त्यांनी लिहून ठेवलं होतं: कायम.