रेवदंड्याची घंटा

रेवदंड्याच्या तटावर मी पहिल्यांदा चढलो तो शाळेची सहल घेऊन, आणि उभ्या उभ्या मला राग आला. खाली समुद्र, मागं तटाच्या पोटात नारळ-सुपारीच्या वाड्या. एके काळी तिथं पोर्तुगिजांचं भरभराटीचं शहर होतं. अरबी घोडे, रेशीम, हस्तिदंत, सगळं त्या बंदरात उतरायचं. माहिती सांगणारे गृहस्थ कप्तानांची आणि पाद्र्यांची नावं घडाघडा म्हणत होते. मी विचारलं, "हा माल घाटावर कोण न्यायचं?" ते म्हणाले, "बैल." मुळशीच्या आमच्या अंगाला कोकणात उतरणाऱ्या कित्येक वाटा अशा आहेत की तिथं बैल पाऊल टाकत नाही. तिथं माणूसच चढतो, आणि तोही हात टेकत.

तो माणूस कोण, हे आमच्या घरात माहीत होतं.

आमच्या गावच्या देवळात एक मोठी घंटा आहे. तिच्यावर क्रूस आहे आणि गावात कुणालाच वाचता न येणारी अक्षरं. मराठ्यांनी रेवदंडा घेतला तेव्हा चर्चमधून निघालेल्या घंटांपैकी ही एक, असं गाव सांगतं. आणि ती गावातल्या जमीनदार घराण्याच्या पूर्वजांनी आणली, असंही सांगतं. आणली म्हणजे काय, तर ते पुढं चालले असतील. घंटा वाशाला बांधून खांद्यावर घेतली ती आमच्या महारवाड्यातल्या माणसांनी, वेठीला धरून. देवळात टांगल्यावर तिच्यावर पाणी शिंपडलं आणि वाहणाऱ्यांना पायरीखाली उभं केलं. खांदा चालला, हात चालेना.

वडिलांना त्या वाटेवरचे विसावे पाठ होते. वेठीचं ओझं वाटेल तिथं टेकवायची सोय नव्हती. ठरलेल्या जागीच टेकवायचं, नाहीतर पाठीवर वळ. म्हणून बाप पोराला त्या जागा ओळीनं शिकवायचा. उंबराचं पाणी, आडवी धोंड, म्हातारीचा माळ. वडिलांनी मलाही शिकवल्या होत्या. आम्ही बुद्धाला शरण गेलो, महारकी सोडली, तरी हे त्यांनी सोडलं नाही.

ऐंशीच्या आसपास देवळाचा जीर्णोद्धार निघाला. दारात रस्त्याच्या बाजूला इतिहासाचा फलक लावायचं ठरलं. त्या जमीनदार घराण्यातला कर्ता माणूस तेव्हा सरपंच होता. मी गावच्याच शाळेत मास्तर. तो माझ्याकडं आला. "मास्तर, घंटा कुटल्या वाटंनं आली ते तुमच्या म्हाताऱ्याला म्हाईत हाय म्हनं."

मी अट घातली. फलकावर एक ओळ हवी: ही घंटा महारवाड्यातल्या माणसांनी खांद्यावरून आणली.

"लिवू की," तो म्हणाला. "त्यात काय एवढं."

वडिलांनी त्या दिवशी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसले आणि सरपंचाच्या ओट्याखाली उभं राहून सगळे विसावे सांगितले. वयानं वीस वर्षांनी लहान असलेला तो ओट्यावर बसून त्यांना "अरे, फुडं बोल" म्हणत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. वडील मात्र खूश होते. घरी येताना म्हणाले, "माज्या बापजाद्यांचं काम देवळावर लागनार." त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्या एका ओळीसाठी ते पंधरा दिवस झोपेत हसत होते, असं आई म्हणायची.

मग सरपंच मजकूर घेऊन आला, सोबत रंगाचा डबा आणि कुंचले. "तुमच्यावानी अक्षर पंचक्रोशीत न्हाई कुनाचं. तुमीच लिवा." मी वाचलं. विसावे सगळे होते, वडिलांनी सांगितले त्याच ओळीनं. घंटा मात्र सरपंचाच्या पूर्वजांनी 'महत्प्रयासाने' आणली होती.

"आमची ओळ?"

"जागा पुरंना. आन आता जात कशाला काढायची, मास्तर? तुमीच तर म्हनता, जात सोडली." डबा माझ्यापुढं सरकवून म्हणाला, "औंदा तुमचं बदलीचं वरीस, न्हवं? पंचायत समितीत आपला शब्द चालतो."

घरात दोन म्हातारी माणसं, पदरात लहान लेकरं. मी त्याला काय काय ऐकवलं ते सगळं मनात. उघड मी डबा घेतला.

दोन दिवस लिहीत होतो. अक्षर सुरेख आलं. येणारा-जाणारा थांबून वाखाणत होता आणि मला प्रत्येकाच्या तोंडावर रंग फेकावासा वाटत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी वडील आले. देवळाच्या पायरीपासून लांब, रस्त्यावर उभे राहिले. सवयच ती.

"विसावं हायेत सगळं?"

"हायेत."

"आन आपली मानसं?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "न्हाईत."

त्यांनी फलकाकडं बघितलं. मग माझ्या हातातल्या कुंचल्याकडं बघितलं.

"मंग तू कशापायी लिवलंस?"